पालमचं आठ दिवसांचं घड्याळ

सखाराम मामांनी मला ताडकळसच्या शाळेत प्रयोगशाळेची किल्ली दिली नसती, तर पालमच्या एका घरात सतरंजीवर मांडी घालून, दोनशे वर्षांपेक्षा जुन्या इंग्रजी घड्याळाच्या पाठीत टॉर्च मारत मी बसलो नसतो. मामा आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मामांनी मला सुट्ट्यांमध्ये बंद पडलेली स्टॉपवॉच आणि अडकलेले स्प्रिंगचे वजनकाटे उघडायला दिले, बी.एस्सी.चा फॉर्म आणून दिला, आणि त्यावर सही करायला वडिलांना शेतातून बोलावून आणलं. मी पुण्यात जुन्या घड्याळांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतो, याचं मूळ त्यात आहे.

पण आता टॉर्चकडे येतो.

“काय दिसायलंय, इंजिनियर?” खुर्चीतून आबांनी विचारलं.

“आबा, मी इंजिनियर नाही. बी.एस्सी. आहे.”

“असू दे. काय दिसायलंय?”

“गुळाचा पाक.”

खरंच तसं दिसत होतं. मागच्या काचेच्या दारातून आतली यंत्रणा दिसते, पण इथे सगळ्या यंत्रावर पिवळट-तपकिरी, पारदर्शक थर चढला होता. नखाने खरवडला तर चिक्कीसारखा टणक. चाकं त्यात अडकून बसली होती. घड्याळ बारा वर्षं बंद होतं.

आबा म्हणजे व्यंकटराव कदम, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या आजोबांनी रेल्वेच्या कामाला गिट्टी पुरवली होती. काम संपल्यावर विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाने निघताना हे घड्याळ त्यांना दिलं, असं आबा सांगतात. कागद काही नाही. घड्याळ दोन विती उंच, काळ्या लाकडाची पेटी, खाली चार पितळी पाय, वर कंदिलासारखी पितळी कडी. अशा घड्याळाला टेबल क्लॉक म्हणतात. त्या काळी श्रीमंत घरातसुद्धा एखादंच घड्याळ असे. ते कडीला धरून या खोलीतून त्या खोलीत न्यायचं.

आता हे घड्याळ घरातून कायमचं जायच्या बेतात होतं. आबांचा धाकटा मुलगा शिरीष पुण्यात असतो. त्याच्या ओळखीचे एक संग्राहक घड्याळ न्यायला तयार होते. शिरीषनेच आमच्या वर्कशॉपला फोन केला होता. त्याचं म्हणणं मला पहिल्या दिवशी आबांच्या फोनच्या स्पीकरवर ऐकायला मिळालं.

“माधव, स्पष्ट बोलतो. मला घड्याळ विकून बंगला बांधायचा नाही. पण तिथे त्याची निगा कोण राखणार? बारा वर्षं पडून आहे. त्या माणसाकडे ते निदान चालेल तरी.”

“चालंल की इथं पण!” आबा फोनवर ओरडले. “आठ दिवसाचं घड्याळ हाय ते. एकदा चावी दिली की आठ दिवस. चाललं तर घरात ऱ्हाईल. न्हाई चाललं तर घेऊन जा, मी तोंड उघडणार न्हाई.”

“पक्कं?”

“जबान दिली.”

झालं. घड्याळाने एका चावीवर आठ दिवस चालायचं, नाहीतर पुण्याला जायचं. आणि ते चालवायची जबाबदारी माझी. वर्कशॉपच्या बाहेर एकट्याने करायचं हे माझं पहिलंच काम.

आमचे बॉस केळकर सर म्हणाले होते, “इकडे घेऊन ये. साइटवर अँटिक खोलायचं नसतं.” पण आबा ऐकेनात. “खंडेनवमीला घड्याळ घरात लागतंय. पूजेला असतंय ते.” नवरात्राची घटस्थापना होऊन एकच दिवस झाला होता. मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, “बरं. चार दिवस. आणि घरच्या भांडणात पडू नकोस. तुझं काम घड्याळ, माणसं नव्हेत.”

पूजेचं मला काही वावगं वाटलं नाही. मी इथलाच. खंडेनवमीला आमच्याकडे ट्रॅक्टरपासून विळ्यापर्यंत सगळ्या अवजारांची पूजा होते. पुण्यात असलो तरी माझी स्क्रू-ड्रायव्हरची पेटी त्या दिवशी पाटावर असते. ‘पूजेला असतंय ते’ हे आबांचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं. मी ठेवलं नाही.

राहायला मी ताडकळसला घरी, कामाला वडिलांच्या मोटारसायकलवर पालम.

पहिलं काम ताकद उतरवण्याचं. घड्याळात दोन मोठ्या स्प्रिंगा असतात. एक काटे चालवते, दुसरी टोल देते. घड्याळ बंद पडलं तेव्हा दोन्ही स्प्रिंगा भरलेल्या होत्या, आणि त्या पाकाने जागच्या जागी धरून ठेवल्या होत्या. असा पाक आधी विरघळवला तर बारा वर्षं दाबून ठेवलेली ताकद एका झटक्यात सुटते आणि चाकांचे दात उडतात. म्हणून आधी स्प्रिंगच्या डब्याला बाहेरून किल्ली लावायची, चाक उलटं फिरू न देणारी अडणी सोडायची आणि अर्धा-अर्धा आटा उतरवायचा. मनगट भरून येतं. माझं आलं.

मग एकेक भाग सुटा केला. स्क्रू ठेवायला काही द्या म्हटल्यावर आबांच्या थोरल्या सुनेने, सुलभावहिनींनी, स्टीलचा जुना मसाल्याचा डबा आणून दिला. त्यांचे यजमान गंगाखेडला शिक्षक आहेत, आठवडाभर तिकडेच असतात. घर वहिनी चालवतात.

“सात वाट्या हायेत,” त्या म्हणाल्या. “पण जिऱ्याचा वास लागंल बरं का तुमच्या स्क्रूला.”

डबा नामी निघाला. काट्यांच्या बाजूचे स्क्रू एका वाटीत, टोलाचे दुसऱ्या वाटीत. प्रत्येक स्क्रूचं डोकं निळं होतं. तो रंग लावलेला नव्हे. पोलाद विस्तवावर बरोबर अंदाजाने तापवलं की एका क्षणी असा निळा रंग धरतं. तो क्षण चुकला की करडं पडतं. असे वीस-पंचवीस स्क्रू, सगळे एका रंगाचे. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये कुणीतरी नुसत्या नजरेने हे केलं होतं.

चाकाच्या दांड्याची टोकं सुईसारखी बारीक असतात. ती दोन पितळी पाट्यांमधल्या भोकांत फिरतात. या टोकांना पिव्हट म्हणतात. सगळं घड्याळ या टोकांवर उभं असतं. भोकं साफ करायला अजूनही लाकडाची काडीच लागते. तिला टोक काढायचं, भोकात फिरवायची, काळी निघाली की पुन्हा टोक काढायचं. पांढरी निघेपर्यंत हेच. माझ्या काड्या पहिल्याच दिवशी संपल्या. मग वहिनींनी दारातल्या कडुनिंबाच्या काड्या तोडून दिल्या.

पाक मात्र हट्टी होता. जुनं मशीन ऑइल वर्षानुवर्षं साचलं की चिकट होतं, हे मला माहीत होतं. हे त्यातलंच, असं मी धरलं आणि सॉल्व्हंटमध्ये भिजवत बसलो. इतकं कडक मशीन ऑइल आयुष्यात पाहिलं नव्हतं. तरी प्रश्न पडला नाही. नोकरीत दहा वर्षं झाली की माणसाला प्रश्न कमी पडतात.

चौथीला दुपारी मागची पाटी सॉल्व्हंटमधून काढून पुसली, तर अख्ख्या पाटीवर कोरीवकाम होतं. मध्ये फुलांची परडी, तिच्यातून निघालेल्या वेली, वेलींच्या वळणात एक पक्षी, चोचीत पान. हाताने कोरलेलं. पानाच्या शिरा नखाच्या टोकाएवढ्या. त्या पाकाखाली ओरखडा न पडता सगळं शाबूत राहिलं होतं. खाली कारागिराचं नाव आणि लंडन.

मी घरातल्यांना हाक मारली. आबांनी चष्मा पुसून पाटी डोळ्यांजवळ धरली. “चौऱ्याऐंशी वर्षं झाली, हे घड्याळ बघायलोय,” ते म्हणाले. “ह्ये पाखरू आज भेटायलंय.”

“पण आबा, नवल बघा,” मी म्हणालो, “हे सगळं पाठीवर आहे. घड्याळाच्या पाठीकडे कोण बघतं?”

“का हो भाऊ?” वहिनी दारातून म्हणाल्या. “ब्लाउज बघा की बायांचं. सगळं काम पाठीवरच असतंय.”

मी आबांच्या हातून पाटी घेतली आणि पुन्हा उजेडाकडे धरली.

आत अजून एक गंमत सापडली. टोलाच्या एका चाकाचा एक दात वेगळ्या रंगाच्या पितळेचा होता. मोडलेल्या दाताच्या जागी खाच पाडून नवा दात बसवलेला. सांधा भिंगाखालीच दिसेल असा. आबा म्हणाले, त्यांच्या लहानपणी घड्याळ पडलं होतं, तेव्हा वडिलांनी ते इथल्याच सोनाराकडे नेलं होतं. त्या सोनाराने जन्मात घड्याळाचं चाक केलं नसणार. पण लंडनच्या दातांच्या रांगेत त्याचा दात जराही पुढे-मागे नव्हता.

आता या घड्याळातली सगळ्यात हुशार गोष्ट सांगतो. स्प्रिंग भरलेली असते तेव्हा जोरात ओढते, उतरत आली की हळू. मग घड्याळ सोमवारी पळेल आणि रविवारी रेंगाळेल. यावर जुन्या लोकांनी उपाय काढला. स्प्रिंग आणि चाकांच्या मध्ये एक पितळी भोवरा बसवला. त्याला फ्यूझी म्हणतात. भोवऱ्याला दोरी गुंडाळतो तशी त्याच्यावर खाच असते, आणि खाचेत दोरीऐवजी सायकलच्या चेनसारखी बारीक पोलादी साखळी. स्प्रिंग जोरात असते तेव्हा साखळी भोवऱ्याच्या निमुळत्या टोकाला ओढते, स्प्रिंग थकली की रुंद भागाला. हातपंपाचा दांडा टोकाला धरला की कमी जोर पुरतो, तसं. त्यामुळे चाकांना आठही दिवस सारखीच ओढ मिळते. साखळीची एकेक कडी हाताने रिव्हेट केलेली. मी मोजायला लागलो होतो. दोनशेच्या आसपास नाद सोडला.

पंचमीला दुपारी घड्याळ जोडून टेबलावर ठेवलं. मोबाइलच्या ॲपवर ठोके तपासले. एकदम समान. चार वाजता आबांनी चावी दिली. टोल पडले, चार. आबांनी डोळे मिटून ऐकले. बारा वर्षांनी.

सर्व्हिस कार्ड भरलं. ग्राहकाचं नाव, आबांचं. सूचनाही आबांनाच दिल्या. “आबा, आता हात लावायचा नाही. किल्ली आठ दिवसांनी. ऊन नको, धूळ नको.”

“कोण हात लावतंय?” आबा म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मोठ्या माणसाला सांगितलं म्हणजे घराला सांगितलं, अशा संस्कारात मी वाढलोय. मग घड्याळ उचलून भिंतीतल्या त्याच्या नेहमीच्या फळीवर ठेवलं.

“भाऊ,” वहिनी म्हणाल्या, “लंगडायलंय ते.”

“काय?”

“टिक लांब अन् टक आखूड. पहिलं असं न्हवतं वाजत.”

“वहिनी, ॲपवर बरोबर आहे. बसेल दोन दिवसांत.”

असं म्हणून मी निघालो. या एका वाक्यासाठी केळकर सरांनी माझा पगार कापला असता तर चाललं असतं.

दसऱ्यापर्यंत रजा टाकून मी ताडकळसलाच थांबलो होतो. खंडेनवमीच्या सकाळी घरी पाटावर माझी अवजारं मांडली. कुंकू लावलं, फूल वाहिलं. दुपारी बाराच्या सुमाराला फोन आला. वहिनी होत्या.

“भाऊ, थांबलंय.”

“कधी?”

“सव्वा अकराला.”

पालमपर्यंत मोटारसायकल कशी नेली ते आठवत नाही. घड्याळ फळीवर होतं. वर झेंडूचं फूल, दर्शनी काचेवर कुंकवाचं बोट. मागचं दार उघडलं. टॉर्च मारली. मागच्या पाटीवर, त्या पाखराच्या खाली-वर, प्रत्येक भोकावर ताज्या तेलाचा थेंब चमकत होता. आणि पेंडुलमला ठोका देणाऱ्या चाकाच्या दातांत कापसाचा एक तंतू गुंतला होता.

मी बोटावर थेंब घेऊन वास घेतला. करडीचं तेल. घाण्याचं. आमच्या घरच्या भाजीत असतं तेच.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. करडीचं तेल हवेत उघडं राहिलं की घट्ट होत जातं. पातळ थर असेल तर काही काळाने वार्निशच होतं. मी चार दिवस जे मशीन ऑइल समजून घासत होतो, ते मशीन ऑइल नव्हतंच.

“वहिनी, याला तेल कोण घालतं?”

“मीच की. पूजेचंच असतंय ते. खंडेनवमीला. शिलाई मशीनला घालते, मग ह्याला. फुलवात तेलात बुडवून जेवढी भोकं दिसतेत तेवढ्यांना एकेक ठिपका. आधी आत्याबाई, ह्यांच्या आई, घालायच्या, त्यांच्यानंतर मी.”

“बंद पडल्यावर पण?”

“बंद पडल्यावर तर दुप्पट घातलं. म्हणलं, तेल कमी पडायलंय.”

आबा खुर्चीतून उठून उभे राहिले. “तू तेल घालतीस? मला वाटायचं, कुंकवाचं बोट लावतीस.”

“तुमी कधी विचारलंत?”

आबा बसले. ताज्या तेलाने घड्याळ लगेच थांबत नाही. थांबवलं ते फुलवातीच्या तंतूने. पण तंतू काढून काम भागणार नव्हतं. ते तेल आत राहिलं असतं तर पुन्हा तोच पाक.

दसऱ्यासाठी शिरीष संध्याकाळी पोचणार होता. आबांनी मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला. “इंजिनियर, तो धागा काढ. काटे पुढं कर. चालू कर. आठ दिवस मोजायला कोण बसलंय?”

खोटं कशाला सांगू, मी चिमटा हातात घेतला होता. तंतू काढायला अर्धं मिनिट. तेल नंतर, शिरीष गेल्यावर, साफ करता आलं असतं. आबांचं घड्याळ घरात राहिलं असतं, माझं पहिलं काम यशस्वी झालं असतं, आणि आबांची जबान तेवढी खोटी पडली असती.

“न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “थांबलं ते थांबलं. माझ्या हातनं झालंय. भाऊजींना मी सांगते.”

मी चिमटा खाली ठेवला. मला तो आपणहून ठेवता आला असता तर लिहायला बरं वाटलं असतं.

शिरीष आला. त्याने बूट काढायच्या आत वहिनींनी त्याला सगळं सांगितलं. तो चिडला नाही, तेच वाईट होतं. “वहिनी, तुमची चूक नाही. पण मी हेच म्हणत होतो ना? इथे याची निगा राखणारं कुणी नाही. जबान दिली आहे, आबा.”

“हौ,” आबा म्हणाले. तेवढंच.

मी बाहेर ओट्यावर जाऊन केळकर सरांना फोन केला. सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सूचना कुणाला दिल्या होत्यास?”

“आबांना.”

“आणि घड्याळाला हात कोण लावतं?”

“सुलभावहिनी,” मी म्हणालो.

“माधव, मग घड्याळ नापास झालेलं नाही. सर्व्हिस नापास झाली. हे त्यांना सांगणं तुझ्या कामात बसतं.”

मी आत गेलो आणि शिरीषला म्हणालो, “साहेब, चूक माझी आहे. ज्यांच्या हातात घड्याळ आहे त्यांना मी काहीच सांगितलं नाही, काहीच विचारलं नाही. वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ठोका लंगडतोय. मी ऐकलं नाही. आत्ता तपासलं. या बारा वर्षांत फळी एका बाजूला उतरली आहे. टेबलावर घड्याळ बरोबर होतं, फळीवर तिरपं. घड्याळ तिरपं ठेवलं की ठोका असमान पडतो आणि ते कधीही थांबू शकतं. माझ्या ॲपने टेबल तपासलं, वहिनींनी घड्याळ ऐकलं. तुम्ही म्हणता निगा राखणारं कुणी नाही. आहे. त्यांना शिकवायचं राहिलंय.”

शिरीषने वहिनींकडे पाहिलं. “तुम्हाला ऐकू आलं? लंगडतंय ते?”

“पंचवीस वर्षं ह्या घरात पोळ्या करायलेय मी, भाऊजी. त्यातली तेरा वर्षं त्याच्या ठोक्यावर लाटल्यात. मला न्हाई ऐकू येणार तर कुणाला?”

शिरीष हसला. मग म्हणाला, “बरं. उद्यापासून नव्याने आठ दिवस. पण माधव, तुम्ही इथे थांबायचं नाही. घड्याळ वहिनींच्या हातात. मी थांबतो, लॅपटॉप इथूनच चालवतो. नेट येतं का?”

“गच्चीवर येतंय,” आबा म्हणाले. “टाकीपाशी.”

दसऱ्याला सकाळची पूजा झाल्यावर मी घड्याळ पुन्हा उघडलं. ताजं तेल होतं, चटकन निघालं. मग माझं तेल काढलं. घड्याळाचं तेल वेगळं असतं, वर्षानुवर्षं सुकत नाही. ते घालायला एक बारीक तार असते, टोकाला चपटी. मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब पिव्हटच्या भोकात ठेवायचा. जास्त झाला तर तो पसरून पळून जातो, आणि जाताना भोकातलंही तेल घेऊन जातो. हे मला शिकायला दोन महिने लागले होते.

तार वहिनींच्या हातात दिली. पहिला थेंब मोठा पडला. “पुसा,” मी म्हणालो. दुसऱ्या थेंबापासून मला तोंड उघडावं लागलं नाही. रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारा हात होता तो. मी नुसतं भोक दाखवायचं.

मग घड्याळ फळीवर ठेवलं. मी डाव्या पायाखाली पितळी पट्टी सरकवली.

“अजून,” वहिनी म्हणाल्या. “अजून थोडी. मागं घ्या. आता चालायलंय दोन पायांवर.”

मी सवयीने ॲप काढलं. समान. मोबाइल खिशात ठेवला.

“आणि पुढच्या खंडेनवमीला?” आबांनी विचारलं. त्यांना तीच काळजी होती. “तेल न घालता कशी व्हायची पूजा?”

माझ्याकडे यावर लेक्चर तयार होतं. त्याआधी वहिनीच म्हणाल्या, “पायाला लावायचं की. चार पितळी पाय हायेत त्याला. थकल्या माणसाला तरी आपण कुठं तेल लावतोत? पोटात न्हाई घालत.”

दुपारी दोन वाजता वहिनींनी चावी दिली. मी आपट्याची पानं आबांच्या हातात ठेवून नमस्कार केला आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला आलो.

पुढे काय झालं ते मी सखाराम मामांना पत्रात लिहिलं. मामांना आता ऐकू कमी येतं, फोनवर काही कळत नाही. पत्र मात्र ते दोनदा वाचतात. तेच इथे देतो. धडा म्हणाल तर एवढाच, की वस्तू बिघडली कशी हे विचारण्याआधी ती कुणाच्या हातात असते हे विचारावं. केळकर सरांनी आमच्या सर्व्हिस कार्डवर तशी एक ओळ वाढवली आहे.

*

ती. सखाराम मामांना,
माधवचा साष्टांग नमस्कार.

पालमच्या घड्याळाचं काम झालं. काल आठ दिवस पुरे झाले. शिरीषचा फोन होता. दुपारी दोनला सगळे फळीसमोर उभे होते. दोन टोल पडले आणि घड्याळ थांबलं नाही. आबा म्हणाले, अजून थांबा. तीनचा टोल पडला, चारचा पडला. मग वहिनींनाच राहवलं नाही, त्यांनी चावी दिली. शिरीषने पुण्याच्या त्या गृहस्थांना फोन करून घड्याळ मिळणार नाही असं कळवलं. नंतर तो वहिनींना म्हणाला, मला पण चावी द्यायला शिकवा. वहिनी म्हणाल्या, आधी हात धुऊन या.

मी कार्ड नवीन केलं. ‘देखभाल’ समोर सुलभा कदम असं लिहिलं.

मामा, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. मी नववीत असताना तपासणीचे साहेब शाळेत आले होते. त्यांनी हेडसरांना विचारलं, ही काचेची भांडी इतकी स्वच्छ कशी ठेवता? हेडसर काहीतरी बोलले. तुम्ही दाराशी उभे होतात. भांडी तुम्ही धूत होतात, विम आणि राखेने, हे साहेबांना कळलंच नाही. मी तुमच्या शेजारीच उभा होतो. मला तेव्हा फार राग आला होता.

तरी पालमला जाऊन मी चार दिवस हेडसरांनाच विचारत बसलो.

दिवाळीला येतो. घड्याळाच्या तेलाची छोटी बाटली आणतो. तुमच्या घरच्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी कोण देतं, तुम्ही की मामी, तेवढं आधी कळवा.

तुमचा,
माधव